शिव्यांचा दुभाष्या

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी इंग्रजी हा खास विषय घेतला आणि वसतिगृहात माझा भाव एकदम वाढला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटकही पाहिलं नव्हतं. त्यामुळे तो भाव मला जपावासा वाटे. खरं तर पुस्तकातलं इंग्रजी सावकाश वाचलं तरच मला कळायचं. बोललेलं काहीच कळत नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात नगरच्या एका टॉकीजला रविवारी सकाळच्या खेळाला अमेरिकेतल्या माफियांचा सिनेमा लागला. माझा खोलीतला जोडीदार राजूरकडचा, कबड्डी खेळणारा. त्याचा आवाज एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जाईल असा. तो म्हणाला, "मास्तर, तू मधी बसायचं. मारामारी आमाला कळती. शिव्या तेवढ्या तू सांगायच्या."

नाही म्हणण्याचं धाडस झालं नाही. वसतिगृहातले सहा जण माझ्या दोन्ही बाजूंना बसले. पडद्यावर एक टोपीवाला दुसऱ्या टोपीवाल्यावर ओरडला.

"काय म्हनला रं?"

"मुडद्या म्हणाला," मी घाबरून सांगितलं.

रांग खूश झाली. पुढच्या शिवीला मी 'गाढवीच्या' लावलं. त्यापुढच्या शिवीला आमचे चुलते बैलांना देतात ती दिली. ती इथं लिहिता येणार नाही. मग काळ्या कपड्यांतली एक आई जेवायला वाढता वाढता आपल्या थोराड गुंड पोराला काहीतरी फाडफाड बोलली. मी म्हणालो, "मेल्या, गीळ आता." मागच्या रांगेतलेही हसले. माझा धीर वाढला.

एवढ्यात दोन गुंडांनी एकमेकांना शिव्या घातल्या आणि लगेच मिठी मारली.

"आता ही काय भानगड?" जोडीदाराने विचारलं.

"मेहुणे असतील," मी म्हणालो.

सगळ्यांना पटलं. आमच्याकडे मेहुण्यांनी एकमेकांना शिव्या दिल्या नाहीत, तर काही बिनसलंय का, असं लोक विचारतात. तिथून पुढे आमच्या रांगेत त्या दोघांना दाजी आणि पाव्हणं हीच नावं पडली.

मग टोळीच्या म्होरक्याने एका माणसाला बोलावून घेतलं. त्याला खुर्ची दिली, स्वतः दारू ओतून दिली आणि अगदी हळू, गोड आवाजात बोलला.

"काय म्हनतोय?"

एक शब्द कळला नव्हता, पण तो सूर माझ्या ओळखीचा होता. आमचे वडील साधे रागावले की शिव्या देतात. मी अकरावीला पहिल्यांदा नापास झालो तेव्हा मात्र म्हणाले होते, "या साहेब, बसा. पाणी घ्या." तांब्या स्वतः भरून दिला. नंतर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

"हा संपला," मी म्हणालो. "याला मारणार."

"शिवी तर एक बी न्हाई दिली!"

"म्हणूनच."

थोड्याच वेळात त्या माणसाला मोटारीत गोळ्या घातल्या. आमची रांग पडदा सोडून माझ्याकडे बघू लागली.

बाहेर आल्यावर जोडीदाराने माझ्या पाठीवर थाप मारली. "लई इंग्रजी येतं गड्या तुला. मी इंग्रजीत दोनदा गचकलोय. आता परीक्षेपर्यंत तूच शिकीव."

हसण्यावारी न्यायची गोष्ट आता राहिली नव्हती. माझ्या भरवशावर तो तिसऱ्यांदा परीक्षेला बसणार होता. मी चालता चालता थांबलो आणि सांगून टाकलं, "मला आतलं काहीच कळलं नाही. सगळ्या शिव्या माझ्या पदरच्या होत्या."

"अन् मारनार, ते कसं कळलं?"

"आमचे वडील खरे संतापले की असंच गोड बोलतात."

तो वसतिगृहाच्या फाटकापर्यंत एक शब्द बोलला नाही. आता हा मला 'अहो' म्हणणार, अशी मला भीती वाटू लागली. फाटकाशी तो वळला आणि त्याने मला त्याच्या डोंगराकडची एक लांबलचक शिवी हासडली. मी ती आयुष्यात ऐकली नव्हती.

"म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"आता तूच लाव अर्थ, मास्तर," तो म्हणाला आणि माझ्या गळ्यात हात टाकून मला आत ओढू लागला.