ब्रीडा आजींनी बटण दाबलं

परवा मंगळवारी आमची नवी सर्व्हिस लाइव्ह गेली... आणि काहीच झालं नाही. एक अलर्ट नाही, एक एरर नाही. माझा जीव मात्र सकाळपासून टांगणीला.

आधी थोडं सांगते. मी आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या स्वोर्ड्समध्ये राहते आणि घरूनच काम करते. आमची छोटी कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना गळ्यात घालायचं बटण देते. पडलात, घाबरल्यासारखं झालं, की दाबायचं... घरातल्या स्पीकरवरून कॉल सेंटरची बाई बोलते. बटणाचा सिग्नल त्या बाईपर्यंत पोचवणं हे आमच्या बॅकएंडमधल्या सर्व्हिसचं काम.

लॉकडाउन लागला, बटणं भराभर वाढली आणि जुनी सर्व्हिस धापा टाकायला लागली. गर्दीच्या वेळी सिग्नल रांगेत अडकायचे. म्हणून मी आणि माझा लीड रोनन, आम्ही दोघांनी ती रस्ट नावाच्या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहिली.

रस्ट शिकताना रडकुंडीला आले होते हो! तिचा कोड तपासणारा कंपायलर काही म्हणजे काही चालवून घेत नाही. सिग्नल अर्धवट आला तर? कनेक्शन मध्येच तुटलं तर? प्रत्येक 'तर'चं उत्तर लिहा, मगच प्रोग्राम तयार होणार.

तर मंगळवारी मी नुसती डॅशबोर्ड रिफ्रेश करत बसले होते. सिग्नल येत होते, झटक्यात पुढे जात होते, पण आकड्यांवर विश्वासच बसेना. रोननला इतक्यांदा विचारलं की शेवटी तो म्हणाला, "मुग्धा, इट्स ग्रँड. सगळं नीट चाललंय. जरा पाय मोकळे करून ये."

बाहेर पडले तर दोन घरं सोडून राहणाऱ्या ब्रीडा दारात उभ्या. हाक नावानेच मारते, मनात मात्र आजीच. त्यांच्या गळ्यात मी आमचं बटण पाहिलं होतं... आज गळा रिकामा.

"बटण कुठाय तुमचं?"

"प्रेसमध्ये. कपांच्या मागे." प्रेस म्हणजे इथलं किचनमधलं कपाट.

मग हसत हसत सांगितलं त्यांनी. हिवाळ्यात किचनमध्ये घसरून पडल्या. बटण दाबलं, परत दाबलं... बराच वेळ कुणी बोललंच नाही. शेवटी खुर्चीला धरून स्वतःच उठल्या. "म्हटलं, आपलं आपणच बघायचं आता."

मला हसता येईना. तो सिग्नल कुठल्या रांगेत अडकला असेल ते मला ठाऊक होतं.

"आणता ते? एकदा टेस्ट करू या. टेस्ट केलेली कॉल सेंटरवाल्यांना आवडते."

"उगाच त्या पोरींना कशाला त्रास?"

"माझ्यासाठी, प्लीज."

त्या बटण घेऊन आल्या. त्या दारात उभ्या, मी अंतर ठेवून गेटपाशी. दाबलं... आणि अंगठा उचलायच्या आत हॉलमधून आवाज आला, "हॅलो ब्रीडा, आर यू ऑल राइट?"

"जीझस, मेरी अँड जोसेफ!" आजी केवढ्या दचकल्या! "इतक्या लवकर?"

टेस्ट आहे म्हणून आजींनी त्या बाईला सांगितलं, आणि मग जी गप्पांना सुरुवात झाली... गुडघा, पाऊस, लॉकडाउनमुळे डब्लिनमध्येच अडकलेली लेक. बोलता बोलता बटण गळ्यात घातलं आणि कार्डिगनच्या आत सरकवलं. मी गेटपाशीच उभी, डोळे पुसत.

अस्वस्थपणा गेला का? नाही, उलट वाढला. अशी किती बटणं कपाटात पडली असतील? सर्व्हिस फास्ट झालीय, हे त्या लोकांना कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी रोननला म्हटलं, ज्यांनी कित्येक महिने बटण दाबलेलं नाही, त्यांना एकेक फोन करू या. तो म्हणाला, "आजपासूनच."

पहिला फोन मीच केला, पोर्टलीशच्या एका आजोबांना. त्यांनी कुरकुरत बटण दाबलं, पलीकडून लगेच उत्तर आलं... आणि मला फोनवर तसंच ताटकळत ठेवून आजोबा त्या बाईशी बोलत सुटले. मीही फोन ठेवला नाही. इतकं छान वाटत होतं ऐकायला!