साडेदहा अंशांचे वझलवारकाका

आधी कुमुदकाकूंचं नाव लिहितो. त्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून, हातात चहाचा कप देऊन, "सांगून टाक त्यांना. ते ओरडतात, चावत नाहीत," असं म्हटलं नसतं तर मी तोंड उघडलंच नसतं. मग आज जे आठवून हसू येतंय, त्यातलं काहीच घडलं नसतं. म्हणून काकू पहिल्या.

आता झालं ते सांगतो. काकूंचे यजमान, आमचे वझलवारकाका, सहा आठवड्यांपूर्वी गेले. भोपाळमधल्या बाग सेवनियाच्या घरी दुपारी जेवून, पेपर छातीवर घेऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी गोविंदपुऱ्यात कारखान्यात लेथवर होतो. काकूंचा फोन आला. "गजानन, काका गेले रे... घाई करू नकोस. मशीन नीट बंद करून ये." अशा वेळीसुद्धा त्यांच्या लक्षात होतं, की मशीन बंद केलं की नाही या धास्तीनं मी अर्ध्या रस्त्यातून परत फिरणारा माणूस आहे. तरी फाटकापर्यंत जाऊन मी एकदा परत गेलोच. मशीन बंद होतं. ते नेहमी बंदच असतं.

मी पुसदकडचा. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. भोपाळला एका नातेवाइकाच्या ओळखीनं आलो आणि गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात लेथ शिकलो. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण कुणी "जरा इकडे ये" म्हटलं की मी अजून दचकतो. वाटतं, आता सांगणार, जा गावी परत. काका पहिल्यांदा आमच्या कारखान्यात आले तेव्हाही सेठनी अशीच हाक मारली होती, आणि मी हात पुसत, मनातल्या मनात सामान बांधत गेलो होतो.

पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट, हातात गोल्फची एक लांब काठी. लांब पल्ल्याचा पहिला फटका मारायची ही काठी, तिला ड्रायव्हर म्हणतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. गोल्फ म्हणजे टीव्हीवर माणसं हळूहळू चालतात तो खेळ, एवढंच ठाऊक. नव्या ड्रायव्हरचं डोकं एका स्क्रूवर बसतं. स्क्रू सोडवून डोकं थोडं फिरवून बसवलं की त्याच्या तोंडाचा तिरकेपणा, म्हणजे लॉफ्ट, कमीजास्त होतो. त्यासाठी सोबत एक पाना देतात. पुरेसा घट्ट झाला की पाना 'टिक' करतो, तिथे थांबायचं. काका थांबले नव्हते. मोठ्या कारखान्यात चाळीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढलेला माणूस... पान्याच्या टिकवर कसा विश्वास ठेवणार? वरून दोन आटे "सेफ्टीसाठी" दिले आणि स्क्रू आत तुटला.

मी तो तुटका तुकडा काढला, काठीच्या तोंडावर एक ओरखडा न पडू देता. काकांनी खिशातून भिंग काढून पाच मिनिटं तपासलं. मी घामाघूम. मग ते सेठना म्हणाले, "लड़का अच्छा है," आणि माझ्याकडे वळून, "कुठला बे तू?" पुसद म्हटल्यावर हसले. "मी नागपूरचा. म्हणजे शेजारीच की. एवढा काहून भेतोस? मी काय इन्स्पेक्शनला आलो काय?" खरं म्हणजे इन्स्पेक्शनलाच आले होते. "रविवारी ये. हे कशाला वापरतात ते दाखवतो."

रविवारी सकाळी त्यांच्या जुन्या गाडीतून आम्ही शहराबाहेरच्या एका छोट्या मैदानावर गेलो. तिथे काकांचे तीन दोस्त, सगळे सत्तरीच्या आसपासचे. त्यातले तिवारीजी सगळ्यात बोलके. चौथ्या होलवर (खेळाचा एकेक टप्पा म्हणजे होल) टीपासून, म्हणजे चेंडू खुंटीवर ठेवून मारतात त्या जागेपासून, दीडशे यार्डांवर एक नाला आडवा जातो. तिघांचे चेंडू कसेबसे पलीकडे गेले. काकांचा बाणासारखा निघाला, खाली झुकला आणि डुब्ब.

"वझलवार साब, मछलियों के लिए कुछ छोड़ोगे कि आज ही सब खिला दोगे?" तिवारीजी म्हणाले.

"मछलियाँ आपको पूछ रही थीं," काका म्हणाले. पण गाडीत बसल्यावर खांदा चोळत राहिले.

खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून हे असंच चाललं होतं. दोस्तांनी प्रेमानंच सुचवलं होतं, की दिवाळीनंतर त्यांनी पुढच्या टीवरून मारावं, तिथून नाला जवळ पडतो. काका म्हणाले होते, "पुढच्या टीवर गेलो की समजा घरीच बसलो." आणि हा माणूस बोलायचा ते करायचा. दिवाळीला तेव्हा दहा आठवडे होते. काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या, आणि एकच मेथीची काडी कितीतरी वेळ हातात धरून होत्या. "रविवार गेला तर हा माणूस सोमवारी म्हातारा होईल रे," म्हणाल्या.

मी दर रविवारी जायला लागलो. आणि पाचसहा रविवारांत मला एक गोष्ट दिसली, जी बोलायची माझी छाती नव्हती. काका दर आठवड्याला स्वतःला दुरुस्त करून यायचे. या रविवारी कोपर सरळ, पुढच्या रविवारी गुडघा वाकवलेला, त्याच्या पुढच्या रविवारी काठी धरायची पद्धत वेगळी. मोबाइलवर बघून डायरीत आकृत्या काढायचे. ड्रायव्हरला मात्र हात लावायचे नाहीत. स्क्रू बदलून मी दिला तो त्यांनी पुन्हा नऊ अंशांवरच बसवला. कारण पुण्याच्या पुतण्यानं आणला तेव्हा त्यावर 'नऊ' लिहिलेलं होतं आणि शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, 'स्टिफ', म्हणजे कडक, लिहिलेलं होतं. काकांच्या लेखी ते ड्रॉइंग. जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, ड्रॉइंगबरहुकूम व्हायला हवा. आणि जॉब कोण? तर काका स्वतः.

लेथवर काम करणाऱ्याला हे बघवत नाही. पण नववी नापासनं इन्स्पेक्टरला काय सांगायचं? मी घरी जाऊन आरशासमोर वाक्यं पाठ केली आणि विसरलो. दिवाळीला चार आठवडे राहिले. तेव्हा काकूंनी तो चहाचा कप दिला. बहुतेक माझा चेहराच सांगत असावा.

काका अंगणात हवेत काठी फिरवत होते. मी म्हणालो, "काका, टूल जॉबला सेट करतात. जॉब टूलला नाही." आवाज इतका बारीक निघाला, की मला दोनदा म्हणावं लागलं.

काकांनी काठी खाली टेकवली. "म्हणजे मी जॉब?"

"तुमचा हात जॉब, काका. खांदा. तो आता जेवढा फिरतो तेवढाच फिरणार. काठी त्याला लावून घेऊ."

"तू मला शिकवतो बे?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकू म्हणाल्या, "शिकवतोय. शिका."

मग मी घाईघाईनं उरलेलं बोलून टाकलं. आमच्याकडे दोन भाग एकमेकांना नेमके कुठे टेकतात ते बघायला निळा रंग पुसतात, तसं ड्रायव्हरच्या तोंडाला काहीतरी पुसून बघू. काका एकदम कपाळावर हात मारून हसायला लागले. "अबे, चाळीस वर्षं लोकांकडून निळं पुसून घेतलं मी! माझ्या टाळक्यात कसं नाही आलं?" निळा रंग घरात नव्हता. काकूंनी अंगाला लावायच्या पावडरचा डबा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी कामावरून रजा काढली, आयुष्यात पहिल्यांदा खोटं कारण सांगून. मैदानावर काका मारायचे, मी ड्रायव्हरचं तोंड बघायचो. पांढऱ्या पावडरवर चेंडूचा गोल डाग उठायचा. वीस फटक्यांपैकी सोळा डाग तोंडाच्या खालच्या अंगाला, दांड्याच्या बाजूला. काकांनी प्रत्येक डाग डायरीत काढला. मग स्वतःच म्हणाले, "काठी लांब पडते मला. आणि तोंड फारच उभं आहे. माझ्या वेगाला चेंडू वर चढतच नाही." रिपोर्ट तयार झाल्यावर इन्स्पेक्टर कुणाचंही ऐकतो, स्वतःचंसुद्धा.

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले फार मजेचे. सेठच्या परवानगीनं जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातच सगळं केलं. डोकं फिरवून नवाचे साडेदहा अंश केले. पाना 'टिक' म्हणाला आणि काकांचे हात शिवशिवायला लागले, तसा मी पाना काढून खिशात घातला. दांडा नवा मागवला, हलका आणि लवचिक. पार्सल उघडलं तर त्यावर ठळक अक्षरांत 'सीनियर'. काकांनी तो लगेच खोक्यात परत ठेवला. "हे घेऊन तिवारीसमोर जाऊ?" मी म्हणालो, दांडा बसवताना अक्षरं खालच्या बाजूला फिरवतो, वरून बघणाऱ्याला काळी काठी दिसेल. काका खूष. "तू शाळेत गेला असता तर फार लबाड झाला असता बे." मग दांडा कापायचा. आधी अर्धा इंच, मैदानावर जाऊन पावडर, मग आणखी अर्धा. कापलेलं परत जोडता येत नाही, म्हणून मी प्रत्येक वेळी तीनदा मोजायचो आणि काका चौथ्यांदा. दीड इंचावर आलो तेव्हा डाग तोंडाच्या मधोमध यायला लागले. कापल्यामुळे डोकं हलकं वाटायला लागलं, तर त्याच्या मागे शिशाची पट्टी चिकटवली. खुंटीही अर्ध्या बोटानं उंच केली.

दिवाळीच्या आधीचा रविवार. चौथ्या होलवर काका उभे राहिले. तिवारीजी म्हणाले, "आज मछलियों का त्योहार है।" मी दोन्ही हात पाठीमागे धरले. काकांनी या वेळी कोपराचं काही केलं नाही, गुडघ्याचंही नाही. जेवढा खांदा फिरला तेवढा फिरवला. चेंडू वर चढला. इतका वर, की मला वाटलं, चुकलं, फार तिरकं केलं आपण... तो नाल्याच्या बरोब्बर वर असताना मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तिवारीजींनी काकांना मिठी मारली होती आणि त्यांची टोपी गवतात पडली होती. चेंडू नाल्यापलीकडे तीनचार पावलांवर होता. तीनचारच. पण पलीकडे.

"दिखाओ तो यह जादू की लकड़ी," तिवारीजींनी हात पुढे केला. काकांनी ड्रायव्हर अक्षरं खाली ठेवूनच दाखवला. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हमारे इंजीनियर हैं। पुसद वाले।" मी मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून.

त्यानंतर दोन दिवाळ्या काका त्याच टीवरून खेळले. सगळे चेंडू काही पलीकडे गेले नाहीत, मासे उपाशी राहिले नाहीत. पण पुढच्या टीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. शेवटच्या रविवारीही ते खेळून आले होते आणि तिवारीजींना हरवलं म्हणून काकूंकडून शिरा करून घेतला होता.

गेल्या रविवारी काकूंनी मला बोलावलं. तिवारीजी आणि दोघं येऊन गेले होते. चौघांचे तीन झाले, खेळात मन लागत नाही म्हणाले. काकू म्हणाल्या, "मी म्हटलं, मी येते. अडुसष्ट वर्षांची आहे, हातात लाटण्याखेरीज काठी धरलेली नाही, चालेल? तर तिवारी भावजी रडायलाच लागले." मग त्यांनी कोपऱ्यातला काकांचा ड्रायव्हर उचलून माझ्या हातात दिला. "हा कापून दे मला. माझ्या उंचीचा."

मी तो घेतला, उलटा केला. दीड इंच कमी, साडेदहा अंश, शिशाची पट्टी, खाली दडवलेली अक्षरं. ऑपरेशन झालेला खांदा किती फिरायचा, ते सगळं त्या काठीत जसंच्या तसं होतं. कागदावर मांडलं तर कुणीही सांगेल, हे वझलवारकाका. मला करवत लावता आली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसाला स्पष्ट नाही म्हणालो, आणि आवाज बारीक निघाला नाही. "काकू, हा त्यांच्या मापाचा आहे. तुम्ही यात बसणार नाही. तुमचा वेगळा करू."

काकूंनी ड्रायव्हर माझ्या हातातून घेऊन परत कोपऱ्यात ठेवला. मग चप्पल काढून भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घे माप. पण लवकर. तिवारी भावजी आत्तापासून टोमणे तयार करत असतील."

मनगटापासून जमिनीपर्यंतचं माप मी घेतलंय. तीनदा. काकू, तो कप हातात देऊन तुम्ही मला ज्या अंगणात ढकललंत, तिथून मी अजून परत आलेलो नाही. एक दिवस तुमच्या हातात तुमच्या खांद्याचा, तुमच्या उंचीचा ड्रायव्हर देईन, मग कितीही वेळा कापावा, फिरवावा लागो. चार लोकांच्या वाचनात येईल असं इथे लिहून ठेवतो, म्हणजे भीती वाटली तरी मला मागे फिरता येणार नाही.