घरातलं सांगा, पुस्तकातलं नको

डॉ. मुकुंदराव जोगळेकर आणि मी इंदूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात, शरीररचनाशास्त्र विभागात, एकाच आठवड्यात रुजू झालो. डोके व मान हा भाग मला शिकवायचा होता. विभागप्रमुखांनी तो मुकुंदरावांना दिला आणि मला पाय दिले. दोन वर्षांनी मलाही डोके मिळाले, पण तोवर मुले त्यांची झाली होती.

अमृतमहोत्सवी ग्रंथात अशी सुरुवात शोभत नाही, हे मला कळते. पण मुकुंदरावांविषयी खरे लिहायचे तर माझ्या मत्सरापासूनच लिहावे लागते.

मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात आणि कवटीतल्या भोकांतून बाहेर पडतात. कोणती नस कोणत्या भोकातून जाते, हे मुलांच्या लक्षात राहत नाही. मी रंगीत तक्ते काढून शिकवत असे. मुकुंदराव मुलाच्या हातात कवटी देत, त्याला डोळे मिटायला लावत आणि झाडूची काडी आतल्या बाजूने घालायला सांगत. काडी बाहेर आली की विचारत, "इथली नस दबली तर घरच्यांना काय दिसेल? घरातलं सांगा, पुस्तकातलं नको."

असा प्रश्न परीक्षेत येत नाही, असे मी स्टाफरूममध्ये म्हणत असे. एकदा माझ्या बॅचमधला एक मराठी मुलगा म्हणाला, "सर, मी जोगळेकर सरांकडे बसू का? सीनियर भिया लोक म्हणतात, तिकडे खोपडी झटक्यात समजून जाते." मी "बस" म्हटले. त्याच दुपारी मी विभागप्रमुखांना सांगितले की काड्यांमुळे कवट्यांवर ओरखडे पडतात.

दुसऱ्या दिवशी मुकुंदराव काड्यांची टोके मेणात बुडवत बसलेले दिसले. पुष्कळ वर्षांनी मला म्हणाले, "तक्रार तुमची होती ना? बरोबर होती. टोकं टोचत होती खरी." अशा माणसावर नीट रागावताही येत नाही.

निवृत्तीनंतर ते तुकोगंजहून महिन्यातून एकदा स्नेहलतागंजला आमच्या घरी पोह्यांना येत. अशाच एका सकाळी माझी पत्नी कुमुद त्यांना चहा देत होती. तिचा आवाज काही महिने बसलेला होता, चहाचा घोट घेताना ठसका लागत होता आणि डाव्या खांद्यावरून पदर सारखा घसरत होता. आवाजासाठी मी तिला हळद-दूध सांगितले होते आणि पदराला दोन पिना लावायला.

मुकुंदरावांनी बशी खाली ठेवली. "वहिनी, दोन्ही खांदे वर करा बरं."

"काय भावजी, पी.टी. घेताय काय माझी?" कुमुद हसली. तिने खांदे उचलले. उजवा वर गेला. डावा जागच्या जागी राहिला.

नववी, दहावी आणि अकरावी या तीन नसा कवटीच्या एकाच भोकातून बाहेर पडतात. पहिल्या दोन गिळणे आणि आवाज सांभाळतात, तिसरी खांदा उचलते. हे मी तीस वर्षे शिकवले आणि तेच सहा महिने माझ्या समोर वावरत होते. त्यांना एका कपात दिसले.

तिथे गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली आणि कुमुदला आणखी तीन वर्षे मिळाली. ती मुकुंदरावांमुळे मिळाली, हे मी इथे सर्वांसमोर लिहून ठेवतो.

त्या तीन वर्षांत ते दर गुरुवारी येत. पाण्याने तिला ठसका लागे. हनुवटी खाली करून घोट कसा घ्यायचा, हे त्यांनी शिकवले. सराफा बाजारातली दुधाची घट्ट शिकंजी ते सुका मेवा गाळून आणत. "भावजी, माल सगळा तुम्ही खाल्ला आणि मला रस्सा!" असे ती त्या फुटक्या आवाजात म्हणे आणि दोघे हसत. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत ते ऐकत असे. आजारात ती माझ्याशी इतकी हसली नाही. बुधवारपासूनच विचारायची, "उद्या गुरुवार ना?"

ती गेल्यावर मी त्यांना एकदाच विचारले, "मला का दिसलं नाही?"

ते म्हणाले, "तुम्ही रोज बघत होतात. मी महिन्यानं बघत होतो. एवढंच आहे ते."

एवढेच आहे की नाही, मला अजून ठरवता आलेले नाही. मत्सर गेला असेही म्हणवत नाही. त्यांच्या जागी मी असायला हवा होतो.

मुकुंदराव पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य मिळो आणि त्यांची नजर अशीच शाबूत राहो. यात माझा स्वार्थ आहे. माझ्यात काही बदलले, तर ते लक्षात यायला आता घरात कोणी नाही. ते अजूनही गुरुवारी येतात, समोर बसतात आणि "चष्मा विसरलो, वाचून दाखवा" म्हणून मला वर्तमानपत्राचे पान मोठ्याने वाचायला लावतात. चष्मा त्यांच्या खिशात असतो. मी पूर्ण पान वाचतो.