पांढऱ्या फुलांचं वांगं

भोरच्या शाळेत आयुष्यभर मी जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर, कुणी विचारलेलं नसताना माहिती सांगायची खोड तेवढी उरली. ती घेऊनच मी कामथडीजवळच्या रोपवाटिकेत वांग्याची कलमी रोपं आणायला गेलो.

"सर, कलमाच्या जोडाखालनं जर का फुटवा आला..." रोपवाला सांगू लागला.

"याचं कूळ माहितीये का?" मी मध्येच तोंड घातलं. बटाटा, टोमॅटो, मिरची, तंबाखू, अगदी धोतरासुद्धा वांग्याच्या भावकीतला कसा, ते त्याला उभ्या उभ्या ऐकवलं. त्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

एक रोप परसात लावलं, एक शेजारच्या चाचींना दिलं. काही दिवसांनी आमच्या रोपाला दोन फांद्या दिसू लागल्या. वरची किरकोळ, खालून निघालेली रुंद पानांची, काटेरी, दणकट. मी भिंग लावून दोन्ही न्याहाळल्या आणि किरकोळ फांदी कापून टाकली.

"अहो, तिला कळी आली होती," बायको म्हणाली.

"ती दुसरीचं अन्न खात होती," मी म्हणालो. एवढ्यावर न थांबता चाचींनाही जाऊन सांगितलं, "वरची काढा, खालची ठेवा."

"व्हय सर," चाची म्हणाल्या.

झाड माझ्या छातीला लागलं. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवत होतो. फुलं पांढरी आली. कुंपणापलीकडे चाचींच्या झाडाला जांभळी. बायकोनं कारण विचारलं, तर मी "जमिनीचा फरक" असं ठोकून दिलं. दोघांची परसं एकाच मातीची, मधे नुसती तारेची जाळी. मग वाटाण्याएवढ्या हिरव्या फळांचे घोस लागले. मी रोज पाणी घालून ती मोठी व्हायची वाट पाहिली. ती पिवळी पडली, पण मोठी काही झाली नाहीत.

शेवटी जुनं पुस्तक काढलं. पांढरं फूल, काटेरी खोड, घोसानं फळं: रानवांगं. कलमाला खाली हेच खोड वापरतात. म्हणजे मी खाण्याचं वांगं कापून, रोपवाल्यानं नुसतं मुळांसाठी घेतलेलं झाड वाढवलं होतं. ओळख मात्र बिनचूक पटली.

त्याच दुपारी चाची भरल्या वांग्यांचं भांडं घेऊन आल्या. "सर, तुमच्याच रोपाची हायती."

"वरची फांदी कापली नाहीत?"

चाची ओशाळल्या. "कात्री घेऊन गेले हुते. पन कळी दिसली, जीव झाला न्हाई. तुमाला वाईट वाटंल म्हनून बोलले न्हाई."

बायकोनं पदर तोंडाला लावला. मी खाली मान घालून जेवलो. भाजी इतकी चांगली झाली होती की दुसऱ्यांदाही मागून घेतली.

दुसऱ्या सकाळी रानवांगं उपटायला गेलो. ते काही केल्या हलेना. मग बायकोनं साडी खोचली, दोघांनी मिळून ओढलं आणि झाडासकट चिखलात बसलो. हाताला काटे टोचले होते, पण तिचं हसणं थांबेना, आणि मग माझंही.