थेंबताईंची मूठ

थेंबताई एखादी नळी खिडकीच्या उजेडात धरून बघायला लागल्या, की त्यांना हाक मारण्यात अर्थ नसे. चहा निवून जायचा, बाहेर तळेगावच्या कंपन्यांची शिफ्ट सुटायची आणि ताई आपल्या तशाच, स्वप्नात असल्यासारख्या. त्या आमच्या प्रयोगशाळेतल्या कंत्राटी टेक्निशियन. चऱ्होलीहून स्कूटरवर यायच्या. थेंबताई हे नाव पडायला कारण मीच.

मी तेव्हा पीएचडी करत होते. तीन महिने राबून शुद्ध केलेलं प्रथिन एका सकाळी बर्फातल्या नळीत गढूळ झालेलं दिसलं. नासलं! मी रडतच बेसिनकडे निघाले, तर ताईंनी मनगट धरलं.

"थांब गं पोरी. गढूळ झालं म्हंजे नासलंच असं न्हाई."

त्यांनी नळी मुठीत धरली. उबेनं ती निवळली. बर्फात ठेवली, पुन्हा गढूळ. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. प्रथिनाचे इवले इवले गोल थेंब तरंगत जवळ येत होते आणि अलगद एकमेकांत मिसळत होते. त्या दिवसापासून त्या थेंबताई.

पेशीच्या केंद्रकातही हेच चालतं, हे मी वाचलं होतं. कळलं मात्र तेव्हा. डीएनएचा लांबच लांब धागा अशाच थेंबांत गोळा होतो. एका थेंबात जनुकं गप्प बसतात, दुसऱ्यात कामाला लागतात. "भिंत न्हाई, दार न्हाई, तरी ज्याची त्याची खोली हाय बघ," ताई म्हणायच्या. आम्ही दोघी तासन्‌तास बघत बसायचो. इतकं सुख मला पुन्हा कुठल्याच कामात मिळालं नाही.

"फक्त फार दिवस ठेवू नको," त्या बजावायच्या. "थेंब घट्ट व्हतात. मग शेजारी येतात, पण मिसळत न्हाईत."

पुढे या थेंबांवरचा शोधलेख छापून आला. त्यात माझ्या पीएचडीच्या सरांचं नाव होतं, माझं होतं. "टेक्निशियनचं घालत नाहीत," सर म्हणाले आणि मी शहाणी मान डोलावून मोकळी झाले. ताईंनी पेढा खाल्ला आणि नळ्या धुवायला घेतल्या. मग कंत्राट संपलं आणि त्या गेल्या. माफी मागायला जायचं मी आज-उद्या करत राहिले. लाज वाटायची, दुसरं काय!

चार वर्षांनी गेले. त्यांच्या घराभोवती उंचच उंच इमारती उठल्या होत्या. दार ताईंनीच उघडलं, हसल्या. मी त्यांचा हात धरून सगळं बोलून टाकलं. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. हात तसाच उबदार होता.

"असू द्या हो," त्या म्हणाल्या. "या ना मॅडम, बसा. तुम्ही चहा घ्याल ना?"