सरोजिनीबाईंना न सांगितलेले आठ दिवस

सरोजिनीबाईंची माझी ओळख लोणावळ्याच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या पहिल्याच तासाला झाली. त्यांनी भाताचे रोप ब्लेडने उभे चिरले आणि पानाच्या बगलेतला मोहरीहून लहान डोळा भिंगाखाली दाखवला. "हा फुटेल की निजून राहील, ते रोप कसं ठरवतं, एवढंच मला शोधायचंय," त्या म्हणाल्या. सारी नोकरी त्यांनी तेच शोधले. शेंड्याकडून येणारे द्रव्य डोळ्याला रोखते, मुळांकडून येणारे त्याला उठवते, आणि बुंध्याशी पोचणारा उजेडही त्यात आपले मत देतो, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

एम.एस्सी.च्या वर्षी माझी आई आजारी होती. बाई दर शनिवारी घरी येऊन शिकवत. चहाही स्वतःच करत, साखरेचा डबा कुठे आहे हे न विचारता.

प्रबंधासाठी मी मळवलीला कोंडाबाई मावशींच्या खाचरात प्रयोग मांडला. बांधालगतच्या ओळींवर डोळे उठवणारे द्रव्य फवारले, आतल्या ओळी तशाच ठेवल्या. बांधालगतच्या चुडांत, म्हणजे एका जागी रोवलेल्या रोपांच्या जुडग्यांत, डोळ्यांतून निघणारे फुटवे बरेच जास्त भरले. बाई इतक्या आनंदल्या की हे पुण्याच्या परिसंवादात मांडायचे ठरवले.

काढणीला मी मावशींना आकडे वाचून दाखवले. त्या हसू लागल्या.

"अगं बाय, बांधाकडंला खेकडं लय. रोपं कातरत्यात. म्हनून तितं आमी चुडात दोन काड्या जास्तीच लावतो. तू त्याच मोजल्यास व्हय?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कुटं?"

जास्तीच्या रोपांनाच मी फुटवे समजले होते. मी हे बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "लावणी कशी केली, हे मावशींना मी विचारायला हवं होतं. चूक माझी." परिसंवादात त्यांनी ती चूकच मांडली. शेवटी म्हणाल्या, "माझ्या विद्यार्थिनीने कळल्याबरोबर मला सांगितलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

पुढच्या हंगामात मावशींनी चुडात एकेकच काडी लावली, बाई छत्री घेऊन बांधावर बसून राहिल्या. फरक थोडाच आला, पण खरा होता. त्यानंतर प्रत्येक वर्गाला बाईंनी माझ्या प्रामाणिकपणाची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट खरी नाही. मी कळल्याबरोबर सांगितले नव्हते, नवव्या दिवशी सांगितले. परिसंवाद एकदाचा होऊन जावा, मग पाहू, असे आठ दिवस मनात घोळवत होते. धीर झाला तो बाईंनी भाषणाचा कागद वाचायला दिला तेव्हा. त्यात माझे नाव त्यांच्या नावाआधी होते. आज मीही शिकवते, मुलांच्या वह्यांतले आकडे तपासते. बाईंच्या या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी लिहायचे आणि हे गाळायचे, ते मला जमले नाही.

बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. हा लेख वाचून त्या मला बोलावून घेतील आणि विचारतील, "अजून काय सांगायचं राहिलंय?" ते विचारायला त्या पुढची कितीतरी वर्षे आमच्यात असाव्यात.