केळीच्या रॅकमागचं पुस्तक

खोकं बांधायला घेतलं, तेव्हा एक पुस्तक कमी होतं. व्हेंडरचा माणूस खाली टेम्पो लावून थांबला होता. ग्रंथपाल सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"पावरा, ते जाड पुस्तक कुठंय?"

ते सांभाळायची जबाबदारी माझी होती.

मी शहाद्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मोलगीकडच्या आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. दुपारी कॉलेजच्या लायब्ररीत काम करतो, त्यातून खर्च निघतो. व्हेंडर आमच्याकडे पुस्तकं 'अ‍ॅप्रूव्हल'वर पाठवतो. म्हणजे आम्ही ती चाळतो, हवी ती ठेवतो, बाकीची परत करतो. ठेवलेल्यावर शिक्का बसतो. शिक्का बसेपर्यंत पुस्तक आमचं नसतं आणि कोणाला घरी देता येत नाही.

या वेळी खोक्यात भारतातल्या समलिंगी माणसांचा इतिहास होता. नवीनच आलेला. एका प्राध्यापिकेने अभ्यास करून लिहिलेला, पानापानाला तळटीपा.

सर म्हणाले होते, "महाग आहे. कोणी वाचणार असेल तर ठेवू. तुझ्या मित्रांना विचार. एकाने नाव दिलं तरी पुरे."

नाव यासाठी, की आमच्याकडे पुस्तक कोणाच्या मागणीवरून घेतलं ते दाराजवळच्या फळ्यावर लिहितात. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मागणारी मुलं त्या फळ्याचा फोटो काढून घरी पाठवतात.

मी कँटीनमध्ये विचारलं. मला वाटलं, हो म्हणतील किंवा नाही म्हणतील. पण सगळे माझ्याकडेच बघायला लागले. मग संदीप म्हणाला, "तुले कसाले पाहिजे रे हाई पुस्तक?"

"मला नाही. लायब्ररीसाठी विचारतोय."

"आते मन्हा जोडे बसू नको भो!"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने किरण हसला. तो तापीकाठच्या केळीवाल्या घरचा. आपली प्लेट उचलून तो खरोखरच बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकला. "मन्हं लगीन ठरेल शे भो, दूर ऱ्हाय!"

मला धक्काच बसला. मी फक्त एका पुस्तकाबद्दल विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर दोघं जण मला बघून बाजूला झाले.

तोवर मी ते पुस्तक उघडलंही नव्हतं. त्या दुपारी उघडलं. हे सगळं हल्लीच मोबाइलमधून आलंय, असा माझा समज होता. आत जुनी पत्रं होती, कोर्टाचे कागद होते, लहान गावांतली साधी माणसं होती. मी पुढे वाचत गेलो. पान उलटताना कोणी बघतंय का, हेही बघत होतो.

आणि आता ते नाहीसं झालं होतं.

"हरवलं नसेल, लपवलं असेल," सर म्हणाले. "मागचे रॅक बघ."

मुलं तसं करतात. हवं ते पुस्तक भलत्याच रॅकमध्ये ठेवतात, म्हणजे दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून आम्ही अधूनमधून प्रत्येक रॅकचा क्रम तपासतो. त्याला 'शेल्फ रीडिंग' म्हणतात. सरांचं सांगणं असतं, चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हरवलेलंच समजायचं.

शेवटचा रॅक शेतीचा. आमच्याकडे शेतीची शाखा नाही, त्यामुळे तिथे कोणी फिरकत नाही. केळी लागवडीच्या पुस्तकांमागे, भिंतीला टेकून, किरण जमिनीवर बसला होता. ते पुस्तक त्याच्या मांडीवर होतं.

मला वाटलं, मस्करी चाललीय. "किरण, दे ते. खाली टेम्पो उभा शे."

तो उठला नाही. "मी वाची ऱ्हायनू," तो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. पानावरचं बोट त्याने उचललं नाही. "माले वाटे मी एकलाच शे."

मी तिथेच खाली बसलो. विचारलं, "मंग कँटीनमा?"

"नही हासतू ते काय करतू?"

खालून टेम्पोचा हॉर्न वाजला. किरणने पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "लई जाय. पन मन्हं नाव सांगू नको."

मी पुस्तक घेऊन सरांसमोर उभा राहिलो.

"सापडलं? टाक खोक्यात."

"सर, याला मागणी आलीय."

"कोणाची?"

नाव सांगितलं तर ते फळ्यावर जाणार. नाही सांगितलं तर पुस्तक टेम्पोत जाणार. व्हेंडरचा माणूस हातात चिकटपट्टी धरून माझ्याकडे बघत होता.

"माझी," मी म्हणालो.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "फळ्यावर लिहावं लागेल."

"लिहा, सर." हे मी बोललो, याचा मलाच सगळ्यात जास्त धक्का बसला.

पुस्तकावर शिक्का बसला. फळ्याचा फोटो या वेळीही निघाला. तो संदीपने काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. पुढे बरेच दिवस मला "पावरा, तुन्हं लगीन कव्हय?" हे ऐकावं लागलं. मी कँटीनमध्ये एकटा बसायला लागलो. एके दिवशी समोरच्या टेबलावरून किरण उठला, प्लेट घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसला. संदीप काहीतरी ओरडला. किरण हसला नाही. खाली मान घालून जेवत राहिला.

त्याच्या लग्नाचं पुढे काय झालं, ते सांगायचं असेल तर तो सांगेल.

पुस्तक अजून कोणी घरी नेलेलं नाही. इतिहासाच्या रॅकमधली त्याची जागा मात्र बहुतेक वेळा रिकामी असते. शेल्फ रीडिंग माझ्याकडेच आहे. ते भलत्या रॅकमध्ये सापडलं, की मी तिथेच राहू देतो. सरांचा नियम चांगला आहे, पण या एका पुस्तकाला तो लागू होत नाही, एवढं मी या नोकरीत शिकलो.

हे लिहिलेलं मी आधी किरणला दाखवलं. किरण हे त्याचं नाव नाही. आणि तो रॅक केळीचा नव्हता.